गढीचे कागद काढताना

घोडनदीच्या खोऱ्यात माझे माहेर आहे आणि गावात त्याला गढी म्हणतात. नाव ऐकून आलेल्या पाहुण्याचा हिरमोड ठरलेला. चारपैकी अडीच बुरूज उरलेत, त्यातल्या पूर्वेकडच्यावर पाण्याची काळी टाकी बसवली आहे. देवडीत पहारेकरी बसायचे तिथे आता खताच्या गोणी आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. चौकात ट्रॅक्टर, मागे गोठा, पश्चिमेच्या तटाला लागून कांद्याची चाळ. अण्णा, म्हणजे माझे चुलते, आणि काकू तिथे राहून शेती बघतात.

गढीचा इतिहास म्हणून आम्हा पोरांना सांगितलेल्या गोष्टी दोनच. एक, मूळपुरुष पानिपतावर पडला. दोन, चौकातून थेट नदीपर्यंत भुयार आहे आणि त्यातून घोडेस्वार जायचा. मी आजवर जेवढ्या गढ्या पाहिल्या त्या प्रत्येकीत हे भुयार आहे आणि तो घोडेस्वारही. एवढी भुयारे खरी असती तर निम्मे दख्खन केव्हाच खचले असते.

कागद शोधायची वेळ आली ती ड्रोनमुळे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी निघाली. ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, वरून फोटो झाले, नकाशा तयार झाला, आणि मग चौकशी सुरू झाली की कुठल्या तुकड्याचा धारक कोण. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मोठ्या गावांत सिटी सर्व्हे होऊन मिळकत पत्रिका झाल्या. आमच्यासारख्या लहान गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ हाच काय तो उतारा. तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. त्यावर गढीची नोंद ‘दगड-मातीचे घर’ अशी आणि नाव आजोबांच्या थोरल्या भावाचे. ते वारले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. झाले, सगळी चुलत घरे खडबडून जागी झाली. जुने कागद काढा, असा एकच धोशा. मी पुण्यात राहते आणि वाचनाची आवड आहे, एवढ्या भांडवलावर काम माझ्या गळ्यात पडले.

मुलगी कागद मागायला लागली की घरातल्यांना आधी हिस्सा आठवतो. अण्णा थेट तसे बोलले नाहीत. “तुला पायजे ते काढ बाई,” ते म्हणाले, “पण मूळ कागद घराभाईर न्यायचा नाय.” पेटीची किल्ली मात्र बरेच दिवस सापडत नव्हती. शेवटी काकूंनीच ती देवघराच्या कोनाड्यातून काढून दिली.

पेटीत एक मोठे बासन होते. वरचा मांजरपाट काळा पडलेला, आत पोटबासने. काही कागदांना कसर लागली होती, एका गठ्ठ्याचा वाळवीने भुगा केलेला. पण मधले बरेचसे कागद शाबूत होते. हातकागदाचे लांब बंद, एकाखाली एक चिकटवलेले, गुंडाळी उलगडत गेले की हातभराचा कागद दोन वाव निघायचा. जोडावर मागच्या बाजूने शिक्का असतो, मधलाच बंद कोणी बदलू नये म्हणून. आमच्या एका कागदाच्या जोडावर शिक्क्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर आहे आणि खालच्यावर काहीच नाही. म्हणजे खालचा बंद नंतर लावलेला. हे लक्षात आल्यावर त्या कागदाकडे मी जरा सावधपणेच पाहिले, कारण पानिपतचा उल्लेख असलेला तो एकच कागद आहे आणि तो उल्लेख नेमका खालच्या बंदात आहे.

सगळे मोडीत. वाचून देणारे जाणकार मिळतात, पण २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचकांना उसंत राहिली नाही. ज्यांच्याकडे मी गेले त्यांनी सरळ सांगितले, तुमचे दोनशे कागद वाचत बसायला मला वेळ नाही, शिकून घ्या. पुराभिलेख विभागाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात, तिथे शिकले. अक्षरे लवकर येतात. अडते ते पुढे. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला लटकवत बोरू न उचलता लिहीत जायचे, ही मोडीची रीत. शब्द कुठे तुटतो ते तुम्ही ठरवायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. त्यात कारकुनांची आखूड रूपे, एक अक्षर आणि पुढे दोन दंड, की झाले ‘राजश्री’ किंवा ‘पैकी’ किंवा ‘तालुके’. आणि प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. एका हाताची सवय व्हायला आठवडे जातात, आणि नेमका तेव्हा तो कारकून बदलतो.

तारखा वाचणे हे आणखी एक प्रकरण. आमच्या ज्या कागदाने सगळे चित्र पालटले त्यावर साल आहे ‘सलास सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे, उलट्या क्रमाने: तीन, सत्तर, शंभर आणि हजार. शुहूर सन ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणजे इंग्रजी साल १७७२-७३. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते हे वर्ष. पुढे ‘छ’ असेल तर मुसलमानी महिन्याचा चंद्र, मग जंत्री काढून दिवस जुळवायचा. या कागदावर तो भाग फाटला आहे.

कागद काय आहे? मला वाटले होते पराक्रमाबद्दल मिळालेली सनद असेल. निघाला हिशेब. गावच्या वसुलातून गढीच्या दरवाजासाठी आणि पडलेल्या तटासाठी किती रक्कम वजा द्यायची, सुताराला किती, लोहाराला किती, चुन्याला किती. बदल्यात पाटलाने, म्हणजे आमच्या घराने, काय करायचे, तर दंगाधोपा झाला तर गावची गुरे आणि दाणा आत घ्यायचा आणि सरकारी वसुलाचे धान्य जपायचे. गढीत माणसांनी लढावे अशी अपेक्षा त्यात ओळीपुरतीही नाही.

घरच्या कागदावर किती भरवसा ठेवायचा, म्हणून त्याचा जोड सरकारी दप्तरात शोधायला पुणे पुरालेखागारात गेले. पेशवे दफ्तर म्हणतात ते हेच. सुमारे ३९ हजार मोडी रुमाल तिथे आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले, आणि बहुतेकांना पेशवे दफ्तर म्हणजे ते खंड एवढेच माहीत असते. पण त्यात स्वाऱ्या, तह, कारस्थाने. आमच्यासारख्या गावाचे काय असेल ते गावच्या हिशेबात, आणि ते हिशेब अजून गठ्ठ्यांतच आहेत. यादीवरून प्रांत आणि परगणा धरायचा, चिठ्ठी द्यायची, रुमाल येईपर्यंत बसायचे. कधी सबंध दिवस दुसऱ्याच गावांच्या बाजरीचा हिशेब वाचण्यात जातो. त्यालाही एक गोडी आहे, पण ती दुपारी तीनच्या पुढे टिकत नाही. आमच्या परगण्याच्या त्याच सालच्या हिशेबात गावाच्या नावाखाली दरवाजाची वजावट मिळाली. रक्कम घरच्या कागदापेक्षा कमी. पाटलाने आपल्या प्रतीत आकडा फुगवला की सरकारने मागून कापला, हे समजायला मार्ग नाही. अण्णांचे मत पहिल्या बाजूने पडले आणि ते सांगताना त्यांना जरा अभिमानच वाटत होता.

तिकडे तालुक्याच्या ठिकाणी वेगळी लढाई. तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज, त्यावर कोर्ट फीचे तिकीट, आणि मग ‘पुढच्या आठवड्यात या’. एका ठिकाणी तर नोंदवहीच जीर्ण म्हणून नक्कल नाकारली. वरिष्ठांकडे लेखी गेल्यावर तीच वही पंधरवड्यात धडधाकट झाली. मला हवे होते मोजणीचे जुने टिपण, फाळणी, वतनाचे रजिस्टर आणि इनाम कमिशनसमोर दिलेली कैफियत, म्हणजे लेखी जबानी. १८५२ च्या अकराव्या कायद्याने कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातल्या इनामांची कसून चौकशी लावली. प्रत्येक वतनदाराला सांगावे लागले की हे हक्क तुला कोणी दिले, कधीपासून खातोस, पुरावा काय. लोकांनी त्या कमिशनला मनापासून शिव्या घातल्या, पण आज गावचा इतिहास शोधणाऱ्याला त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. चौकशीच्या धाकाने लोकांनी जे लिहून दिले ते एरवी कोणी कशाला लिहिले असते?

आमची कैफियत एका विधवेने दिलेली आहे. घरात हिचे नावही कोणी ऐकले नव्हते. वतनाच्या वंशावळीत ती नाही. वंशावळ म्हणजे पुरुषांची उतरंड, आणि १८८६ च्या दुरुस्तीने तर वतनाच्या वारसाहक्कात बायकांना घरातल्या सगळ्या पुरुषांच्या मागे उभे केले. पण कैफियतीप्रमाणे नवरा वारल्यावर, मुलगा लहान असताना, पाटीलकीचे काम मुतालिक, म्हणजे बदली कारभारी, ठेवून हीच चालवत होती. तिने सांगितलेले थोडक्यात असे: होळकरांच्या धामधुमीत गाव जळाला, कागद गेले, गढीचा दरवाजा राहिला म्हणून पेवातला, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातला, दाणा राहिला आणि त्या दाण्यावर गाव तगला. ही धामधूम १८०२-०३ ची. यशवंतराव होळकरांच्या फौजा पुणे-नगरकडच्या मुलखातून गेल्या आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. कागद गेले हे कमिशनपुढे पुष्कळ जण सांगत, तेव्हा तेवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पेवातल्या दाण्याचे मात्र तिने खंडी-मणांत आकडे दिलेत, कोणाला किती वाटला आणि कोणाकडून परत यायचा राहिला तेही. पन्नास वर्षांनंतरही बाई येणे विसरली नव्हती. कैफियतीखाली तिची निशाणी बांगडी आहे. साधे एक वर्तुळ, शाई थोडी फुटलेली.

पाटलांची निशाणी नांगर. महजरावर (गावसभेच्या निवाड्यावर) किंवा कतब्यावर (लेखी कबुलीवर) पाटील सही करत नसे, नांगराचे चित्र काढत असे; सुतार आपले हत्यार काढी, न्हावी आरसा. हे पुस्तकात वाचलेले होते. पण आमच्या पेटीतल्या निम्म्या पाटीलकीच्या विक्रीच्या कागदावर तो नांगर प्रत्यक्ष पाहिला तेव्हा मी अण्णांना हाक मारून दाखवला. ते कागदावर वाकून म्हणाले, “रुमणं उलट्या बाजूला काढलंय.” खरेच होते. ज्याने काढले त्याला धरायची बाजू चुकलेली कळली असणार, कारण शेजारी खोडून दुसरे रुमणे काढले आहे.

कागद एवढे बोलू लागल्यावर मी गढीही नव्याने पाहू लागले. तटाच्या जंग्या, म्हणजे भिंतीतली भोके, लहानपणी मला बंदुकीसाठी म्हणून सांगितल्या होत्या. आहेतच त्या बंदुकीसाठी. पण एकेका जंगीला डोळा लावून बाहेर काय दिसते ते मी लिहून काढले. उत्तरेकडच्या दोन दरवाजासमोरच्या वाटेवर उघडतात. पश्चिमेकडच्या सगळ्या खळ्यावर. नदीकडे, जिथून शत्रू यायचा असे आम्हाला सांगत, तिकडे एकही नाही. दरवाजाचा अडणा, म्हणजे आडवा दांडा, केव्हाच जळणात गेला, पण भिंतीतली त्याची बिळे आहेत. एकात हात घातला तर खांद्यापर्यंत जातो, दुसरे वीतभर. म्हणजे लांब बिळात सगळा अडणा सरकवून ठेवायचा आणि दरवाजा लावल्यावर ओढून पलीकडच्या बिळात बसवायचा. एका माणसाचे काम. रात्री उठून काकूंनाही जमले असते.

भुयाराचाही निकाल लागला. चौकातल्या ज्या फरशीखाली ते आहे असे सांगत, ती उचलली. खाली पेव. तोंड एवढे अरुंद की अंग चोरून उतरावे लागते, आणि आत पोट मोठे. जुनी माणसे पेव उघडले की लगेच उतरत नसत. साठवणीत हवा कोंदून जीव गेल्याच्या हकिकती गावोगाव आहेत. अण्णांनी दोन दिवस तोंड उघडे ठेवले, मग दोरीला कंदील बांधून सोडला, तो तेवत राहिला तेव्हाच माझ्या चुलतभावाला उतरू दिले. तळाला पाचटाचा चुरा होता. बाजूच्या भिंतीला एक भगदाड, पलीकडे दुसरे पेव, आणि त्यापुढे माती. कधीतरी दोन पेवांमधली भिंत ढासळली आणि कोणीतरी कंदिलाच्या उजेडात आत पाहून नदी गाठली असावी. गुप्तधनवाले खणून गेल्याच्या खुणाही तिथे आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. त्यांनी कळवले नाही, म्हणजे त्यांनाही पाचटच मिळाले असावे.

गढीला उतरती कळा कधी लागली, हा प्रश्न मला सगळे विचारतात. घरात त्याचे उत्तर ठरलेले: कुळकायद्याने. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळे मालक झाली, पुढे १९६२ च्या कायद्याने पाटीलकीच संपली, वतनी जमीन नजराणा भरून फेरदेण्यात परत घ्यावी लागली, आणि आजोबांनी स्वतः औत धरले. ‘गढीची शेतघर झाली,’ असे माझी आत्या हळहळून म्हणते. माझे तिच्याशी जमत नाही ते इथे. जिच्या हिशेबात दरवाजापेक्षा दाण्याच्या ओळी जास्त, जिच्या जंग्या खळ्यावर रोखलेल्या, जिच्या धन्याची निशाणी नांगर, ती शेतघर झाली कधी? होतीच. मधली शंभर-दीडशे वर्षे आम्ही कुळांच्या जिवावर ते विसरलो होतो. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “शिकलीस म्हणून काहीपण बोलशील होय गं?” आणि वाढायला उठली.

पडझड मात्र कायद्याने नाही केली. तट खाली दगडी आणि वर पांढऱ्या मातीचा आहे. अशा भिंतीचा माथा झाकलेला असेल तोवर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. माथ्यावरची पेंढ-माती एकदा गेली की चार पावसाळ्यांत विरघळते. त्यात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती शेताला चांगली. जवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान ताम्रपाषाणयुगातली वस्ती खणून काढली, तशा वस्त्यांची टेकाडे या भागात लोकांनी खतासाठी गाडीगाडीने शेतात नेली आहेत. आमच्या दक्षिण बुरुजाची मातीही तशीच गेली, विकून. पैसे कोणी घेतले यावर अजून भांडण आहे. दगड गेले १९७२ च्या दुष्काळात. कामावर खडी फोडायची होती, दगड समोर होता, आणि आजोबा नाही म्हणाले नाहीत. उरलेल्या भिंतीला वीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला, तो आत पाणी धरून ठेवतो आणि मातीसकट पापुद्र्यांनी सुटतो. आता अण्णांनी एका बाजूचा काढून चुना-मातीचा करायला घेतला आहे. गवंडी मिळत नाही, मिळाला तर सिमेंटच बरे म्हणून वाद घालतो.

मिळकत पत्रिकेचे काय झाले तेही सांगायला हवे. जुने टिपण आणि ड्रोनचा नकाशा शेजारी ठेवल्यावर दिसले की गावठाणाची हद्द गढीच्या मधून जाते. दरवाजा, देवडी आणि चौक गावठाणात. पश्चिमेचा तट, त्याचा बुरूज आणि कांद्याची चाळ लागूनच्या गटात. त्यामुळे अर्ध्या गढीची मिळकत पत्रिका झाली, सगळ्या वारसांच्या नावांसह, त्यात आत्याचे आणि माझेही. उरलेली गढी सातबाऱ्यावर आहे आणि तिथे बुरुजाची जागा पोटखराबा वर्ग ‘अ’. लागवडीस अयोग्य. अण्णांनी उतारा वाचला आणि म्हणाले, “बरोबर हाय की. तिथं काय उगवतं?”

पाटीलकीचा दुसरा निम्मा भाग ज्यांनी विकत घेतला ते धाकट्या पातीचे घर गावातच आहे, आणि त्यांच्याकडेही बासन आहे असे समजले. त्यात विक्रीच्या कागदाची दुसरी प्रत असणार, आणि कदाचित पानिपतच्या त्या खालच्या बंदाचाही उलगडा. गेल्या महिन्यात मी त्यांच्या आजोबांना भेटले. कागद दाखवायला ते तयार आहेत, दिवाळीनंतर, दोन अटींवर: वाचताना त्यांचा नातू शेजारी बसणार, आणि तोवर आमच्याकडून कोणी ओढ्यालगतच्या बांधाचा विषय काढायचा नाही. पहिली अट मी मान्य केली. दुसरी अण्णांना अजून सांगितलेली नाही.